जोते न बदलता

प्रवासास निघालेला मराठी माणूस रात्री कोठे उतरत असे, याचा इतिहास कोणी लिहावयास घेतला, तर त्यात हॉटेलाचे प्रकरण फार उशिरा येईल आणि आल्यावरही ते आखूडच निघेल. कारण दोन-तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत परगावी मुक्काम करावयाचा म्हणजे कोणाच्या तरी घरी करावयाचा, ही गोष्ट इतकी गृहीत असे की, ज्या गावी आपले कोणी नाही त्या गावी जाण्याचे प्रयोजनच सहसा उत्पन्न होत नसे. अपवाद क्षेत्रांचा. पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर, नृसिंहवाडी येथे ज्यांचे सोयरेधायरे नव्हते त्यांच्यासाठी क्षेत्रोपाध्ये होते. त्यांच्या जाड बांधणीच्या वह्यांतून यात्रेकरूच्या आज्यापणज्याची नावनिशी सापडे, आणि अमुक गावच्या अमुक आडनावाच्या माणसाने कोणाच्या ओटीवर वळकटी सोडावयाची, हे त्या माणसाच्या जन्मापूर्वीच ठरून गेलेले असे. उपाध्यायाच्या घरी त्याला पाठ टेकण्यापुरती जागा, स्नानाला ऊन पाणी आणि त्या घरात शिजेल ते अन्न मिळे. निघताना तो दक्षिणा ठेवी, आणि त्या दक्षिणेत भाड्याचा अंश किती व पुण्याचा किती, याची फोड करण्याच्या भरीस उभयपक्षी कोणी पडत नसे. या व्यवस्थेत लोभ होता, अडवणूक होती, यात्रेकरूंच्या तक्रारी सरकारदरबारी जात होत्या, आणि पंढरपुरात तर बडवे-उत्पातांचे मंदिरातील वंशपरंपरागत हक्क 1973 च्या कायद्याने रद्द करावे लागले, हे सर्व खरे; तथापि चार पैसे देऊन परक्याच्या संसारात रात्रीपुरते सामावून जाण्याची रीत आपल्याकडे कोणी बाहेरून आणून लावलेली नाही, ती येथे होतीच, एवढे त्यावरून निश्चित होते.

अंमलदारांची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठी मुसाफरी बंगले होते, तेथे खानसामा असे आणि कोंबडी असे. पुढे एस.टी. आली, तिच्या स्थानकासमोर लॉज आले, आणि लॉजबरोबर ती खोली आली जी सोलापुरात पाहिली काय किंवा साताऱ्यात पाहिली काय, सारखीच दिसते: दाराच्या आतल्या बाजूस चिकटविलेला नियमांचा कागद, नळाच्या तोंडाला बांधलेली चिंधी आणि ज्याच्यापुढे बसून कोणीही कधी काही लिहिलेले नाही असे एक टेबल. या खोलीविषयी माझी तक्रार नाही. ती आपल्याला विचारीत नाही की तुम्ही कोण, आणि काही प्रसंगी माणसाला हेच हवे असते.

परंतु महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने, म्हणजे 1975 साली स्थापन झालेल्या त्या सरकारी संस्थेने, ‘निवास व न्याहारी’ या नावाने जी योजना सुरू केली, तिचे मूळ लॉजमध्ये नसून उपाध्यायाच्या ओटीत आहे, असे माझे मत तिचा अनुभव घेतल्यावर झाले. योजनेचा आशय साधा आहे. ज्याचे स्वतःचे राहते घर आहे आणि त्यात एखाददुसरी खोली मोकळी आहे, त्याने ती स्वच्छ ठेवावी, सरकारी पर्यटन यंत्रणेकडे नाव नोंदवावे, आणि पाहुण्यास निजण्यास जागा व सकाळी खाण्यास न्याहारी द्यावी. दुपारचे व रात्रीचे जेवण उभयतांच्या समजुतीवर. केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयानेही अशीच एक योजना काढली असून तीत खोल्यांची मर्यादा सहा, म्हणजे खाटा बारा, आणि घरांची प्रतवारी सोने व चांदी अशी आहे. दिल्लीने तर 2010 च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांना येणारी माणसे मावणार कोठे या विवंचनेत 2007 साली त्यासाठी स्वतंत्र कायदाच करून ठेवला. सर्व योजनांतून एक अट मात्र समान आढळते, ती अशी की मालकाने सहकुटुंब त्याच घरात राहत असले पाहिजे. मालक दुसरीकडे राहू लागला की ते घर या व्याख्येतून बाहेर पडते.

किनाऱ्यावरील घरांच्या बाबतीत याहून अधिक नेमका शब्द सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या 2019 च्या अधिसूचनेत आला आहे. सरकारी अधिसूचना वाचून मनाला आल्हाद व्हावा असे क्वचितच घडते. पण भरतीरेषेजवळच्या ग्रामीण पट्ट्यात जेथे नवे बांधकाम बहुतांशी निषिद्ध आहे, तेथे कोळ्यांसह स्थानिक रहिवाशांना आपल्या घरी पाहुणे ठेवण्यास मुभा देताना तीत जी शर्त घातली आहे, ती मी दोनदा वाचली. घराच्या जोत्याचे क्षेत्रफळ, घराचा आराखडा आणि घराचा दर्शनी भाग यांत बदल न करता ही मुभा वापरावयाची आहे. कोणा कारकुनाच्या लेखणीतून हे वाक्य उतरले ते ठाऊक नाही, परंतु घरगुती मुक्कामाची संपूर्ण मीमांसा त्याने एका शर्तीत करून ठेवली आहे, असे मला वाटते. पुढील लेख हा तिच्यावरचे भाष्यच समजावा.

मुक्कामासाठी मी मालवण निवडले. त्याला कारणे दोन: गाव लहान आहे, आणि त्याच्याकडे जगाचे लक्ष एकाएकी गेलेले आहे. पूर्वी मालवण हे रत्नागिरी जिल्ह्यातील, आणि 1 मे 1981 पासून सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, एक बंदर व तालुक्याचे ठाणे. मामलेदार कचेरी, अरुंद बाजारपेठ, देवळे, आणि समोर पाण्यात बसलेला किल्ला. मुंबईची आगबोट बंदरापासून दूर उभी राही, उतारू पडावात बसून किनाऱ्याला लागत, आणि त्या बोटीने मुंबईस गेलेला मुलगा गिरणीत, गोदीत, पेढीवर किंवा कचेरीत चिकटला की गावी येई ती त्याची मनीऑर्डर. घरे मोठी आणि माणसे थोडी, अशी या भागाची स्थिती शंभर वर्षे तरी आहे. वर्षातून गणपतीला आणि मे महिन्यात चाकरमानी येत, तेवढ्यापुरती माजघरे गजबजत. एरव्ही मागच्या खोल्यांतून नारळ, सुंभ आणि अंधार साठलेला असे. 1997 साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागली, सुमारे 30 किलोमीटरवरच्या कुडाळ स्थानकात रात्री निघालेला मुंबईकर सकाळी उतरू लागला, आणि त्या मागच्या खोल्यांना एकदम किंमत आली. 2021 च्या ऑक्टोबरात चिपीला विमानतळ झाला; 2023 च्या डिसेंबरात नौदलाने आपला दिन या किनाऱ्यावर साजरा केला. मालवणच्या आयाबायांनी नारळाच्या खोल्या झाडून घेतल्या त्या या क्रमाने.

आम्ही उभयता मार्गशीर्षात गेलो. आमचे मुक्कामाचे घर मालवणच्या मेढा या वस्तीतल्या एका पाणंदीत होते, जिच्या दोहो बाजूंस चिऱ्यांचे गडगे आणि गडग्यांवर वाळत घातलेली जाळी, आणि जिच्यातून रिक्षा शिरते पण वळत नाही. चिऱ्याच्याच भिंती, त्यांना चुन्याचा हात. वर मंगलोरी कौले. या कौलांविषयी जाता जाता सांगावयास हवे की, कोकणी घराचे लक्षण म्हणून ज्यांचे छायाचित्र आपण घेतो ती कौले तुलनेने अर्वाचीन आहेत; बाझेल मिशनने मंगळुरात त्यांचा कारखाना 1865 साली काढला, तत्पूर्वीची घरे गवताने किंवा नळीच्या कौलांनी शाकारलेली असत. पुढे सारवलेले खळे, त्यात तुळशीवृंदावन, झावळ्यांचा मांडव. मग पायऱ्या, पडवी, माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि पलीकडे विहीर. पडवीच्या एका टोकास जी खोली होती, जीत पूर्वी भाताच्या कणग्या असत, ती आमची. तीत दोन खाटा, एक पंखा, खुंट्या, आरसा, आणि नव्याने बांधून काढलेले स्वच्छ न्हाणीघर. न्हाणीघराखेरीज या घराने पाहुण्यांसाठी काही बांधलेले नव्हते, आणि तेही जुन्या भिंतींच्या आतच बसविले होते.

घरमालकीण साठीच्या पुढच्या. सर्व त्यांना काकी म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. नाव, गाव, धंदा यांपैकी काहीएक न विचारता त्यांनी पहिला प्रश्न केला तो असा: “माशे खातास मा?” होकार मिळताच त्यांच्या चेहऱ्यावरची चिंता दूर झाली. त्यानंतर सुनेने एक लांबट नोंदवही पुढे ठेवली, आधार कार्ड पाहून त्यातला मजकूर सुवाच्य अक्षरात उतरविला आणि आमच्या सह्या घेतल्या. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती चोवीस तासांच्या आत संबंधित पोलीस अधिकाऱ्याकडे ऑनलाइन रुजू करावी लागते, हेही तिनेच सांगितले. एकदा अशा पाहुण्याच्या पासपोर्टाचा फोटो काढताना वीज गेली आणि तिची कशी तारांबळ उडाली, ते काकींनी हसत सांगितले आणि सून मात्र हसली नाही. ज्या घरात सासू माणसे सांभाळते आणि सून दप्तर सांभाळते, तेथे कारभाराची वाटणी एखाद्या जुन्या संस्थानाहून कमी काटेकोर नसते.

सकाळी साडेसहाच्या सुमारास जाग आली ती तव्यावरच्या चर्र आवाजाने. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन उभा राहिलो. आत बोलावणे झाले, बसावयास पाट मिळाला. बिडाचा तवा, त्याखाली मात्र गॅस. रात्री भिजत घातलेले तांदूळ वाटून त्यात पाणी इतके घातलेले की पीठ ताकासारखे पातळ दिसावे. नारळाच्या शेंडीचा बोळा तेलात बुडवून काकींनी तो तव्यावरून फिरविला, तवा धुरावेपर्यंत थांबल्या, आणि वाटीने ते पीठ कडेपासून मध्यापर्यंत अशा वेगाने शिंपडीत नेले की पडता पडताच त्याला जाळी पडत गेली. वर झाकण, क्षणात काढले, उलथन्याने कडा सोडविल्या, घावण तव्यावरून निघाला तो पांढराशुभ्र, एका बाजूनेच भाजलेला, चौघडी घालता येईल इतका मऊ. घावण उलटावयाचा नसतो. उलटला तर तो वातड होतो, असे काकी म्हणाल्या, आणि सुनेचा अजून कधीमधी उलटतो, असेही म्हणाल्या. सोबत ओले खोबरे, आणि नारळाच्या दुधात गूळ व वेलची घालून केलेला रस.

दुसऱ्या दिवशी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांचे सांबारे. मग एके दिवशी, आमच्या मंडळींनी सहज विषय काढला म्हणून, शिरवाळे. हा पदार्थ एकट्या बाईचा नव्हे. तांदळाच्या पिठाची उकड मळून तिचे मुटके करावयाचे, ते उकळत्या पाण्यात सोडावयाचे, वर तरंगू लागले की काढून गरम असतानाच लाकडी साच्यात भरावयाचे, आणि एकाने साच्याच्या दांड्यावर अंगाचा भार टाकून दाबावयाचे तर दुसऱ्याने खाली ताट फिरवीत ती शेव गोल गोल झेलावयाची. मुटका निवला की तो दाबला जात नाही. सुनेने भार टाकला, काकींनी ताट फिरविले, आणि साच्याचा करकर आवाज थांबताच दोघीही घामाघूम होऊन खाली बसल्या. कोणत्याही हॉटेलाच्या न्याहारीत हा पदार्थ मला आजवर आढळला नाही, आणि आढळणार नाही. ज्या पदार्थाला दोन माणसे एका वेळी, एका तालात आणि एकमेकींवर थोडा राग धरूनही लागतात, त्याचा दर ठरविता येत नाही.

याच स्वयंपाकघरात मला या व्यवस्थेचे मर्म कळले, आणि ते कळण्यास निमित्त झाली पेज. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, पाहुण्यांची न्याहारी उरकल्यावर, घरची माणसे उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा घेऊन मागच्या पडवीत बसत. घराची खरी न्याहारी ती. मी एकदा ती मागितली. काकी गोंधळल्या. “पावण्यांका पेज कोण वाढता?” असे म्हणून त्यांनी विषय उडवून लावला, दुसऱ्यांदा मागितली तेव्हा त्यांनी सुनेकडे पाहिले, सुनेने खांदे उडविले, आणि मला पेज मिळाली, पण ती काशाच्या वाटीत, वर तुपाची धार आणि बाजूला आंब्याचे लोणचे, अशा थाटात. पैसे घेऊन ठेवलेला पाहुणा असला तरी तो पाहुणा आहे, आणि पाहुण्याला घरातले रोजचे, उणे अन्न दाखविणे हा घराचा कमीपणा आहे, ही भावना या बाईच्या मनातून नोंदवहीने, मोबाइलवर येणाऱ्या आगाऊ रकमेने किंवा महामंडळाच्या प्रमाणपत्राने यत्किंचितही हललेली नव्हती. आपण शहरातून येणारे लोक ‘घरच्यासारखे’ या शब्दाने जे मागतो, ते यजमानाच्या दृष्टीने नेमके अशिष्ट असते. आपल्याला त्याच्या घरातली पेज हवी असते आणि त्याला आपल्यापुढे सणाचे पान मांडावयाचे असते. या ओढाताणीत दोन्ही पक्ष थोडे थोडे हरतात, म्हणून तर ती गोड वाटते.

दिवसाचा क्रम घर ठरवी. न्याहारीनंतर काकी मासळी बाजारात जात. तेथे काय मिळाले यावर दुपारचा बेत, आदेश चालत नसे. सुरमई सांगितली आणि बांगडा आला, तर बांगडा. दुपारी दीड ते चार घर झोपलेले असे, आणि त्या वेळी चहा मागण्याचे धैर्य मला झाले नाही. संध्याकाळी दिवेलागणीला तुळशीपुढे दिवा लागे. भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहून उद्याचा वार कोणता, उपास आहे की काय, याची वाच्यता होई. आणि ज्या दिनदर्शिकेच्या हुकुमावरून अवघ्या महाराष्ट्रातील घरे एकादशी पाळतात, ती 1973 साली सुरू करणारे जयंतराव साळगांवकर याच मालवणचे, हे मला तेथे ऐकविण्यात आले. मेढ्यातले जय गणेश मंदिर त्यांनीच बांधविले.

किल्ला पाहिला. शिवछत्रपतींनी 25 नोव्हेंबर 1664 रोजी कुरटे बेटावर ज्याची पायाभरणी केली आणि तीन वर्षांत जो सिद्ध झाला, त्या सिंधुदुर्गाविषयी येथे विस्तार करीत नाही; त्याचे वर्णन करण्यास समर्थ लेखण्या आहेत आणि होड्यांवर वाटाडेही आहेत. बुरुजांच्या वळणात दडवून ठेवलेले महाद्वार, राजाराम महाराजांनी बांधविलेले शिवराजेश्वराचे मंदिर, चुन्यात उमटलेले हातापायांचे ठसे, आणि खाऱ्या समुद्राच्या पोटात गोडे पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी, एवढे प्रत्येकाने पाहावे. मला अधिक लक्षणीय वाटले ते हे की त्या 48 एकरांच्या तटबंदीत आजही काही कुटुंबे पिढीजात राहत आहेत, आणि पावसाळ्यात समुद्र खवळून होड्या बंद झाल्या की ती तेथेच राहतात. आमच्या काकींची चुलत नणंद त्यांपैकी एका घरात दिलेली. किल्ल्याविषयी विचारले असता काकींनी इतिहासाचा एक शब्द काढला नाही. पावसाळ्याआधी तिकडे तांदूळ, मीठमिरची आणि काड्यापेट्या किती भरून ठेवाव्या लागत, याची मात्र सांगोपांग माहिती दिली.

आता दुसऱ्या घराविषयी. याच किनाऱ्यावर, कोठे ते सांगत नाही, एका घरी आम्ही पूर्वी उतरलो होतो आणि तेथील शिंपल्यांच्या सुक्याची आठवण काढीत होतो. या खेपेस मुद्दाम पाहावयास गेलो. कौलांच्या जागी सिमेंटचे दोन मजले उभे होते. मोटारी उभ्या राहाव्यात म्हणून खळ्यावर फरशी घातली होती आणि तुळशीवृंदावन कुंपणाच्या कोपऱ्यात सरकविले होते. न्याहारीला पोहे, उपमा आणि ब्रेड-ऑम्लेट, रात्रीच्या छापील यादीत पनीरचे पाच प्रकार. स्वयंपाकाला परप्रांतीय मुलगा, हुशार आणि विनयी. मालक कुडाळात राहावयास गेलेले. आतल्या भिंतीवर ‘निवास व न्याहारी’ची जुनी पाटी अजून होती.

या मालकाला लोभी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. त्यांचा हिशेब मी ऐकून घेतला. दिवाळी, नाताळ आणि मे एवढाच हंगाम. जून लागला की होड्या बंद, 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी, चार महिने पाहुणा नाही. माकडांनी कौले फोडायची आणि वर्षाला ती परतायची, तर त्या कामाचा माणूस मिळत नाही. हीच तक्रार आमच्या काकींचीही होती, “कौलां परतूक माणूस गावणा नाय”, आणि त्यांच्याही मनात स्लॅब घालण्याचे आहे हे मी लपवून ठेवीत नाही. शिवाय येणारा पाहुणा मागतो काय? तो फोनवर प्रथम विचारतो की खोलीला वातानुकूलन आहे काय; मग, समुद्र खोलीतून दिसतो काय; मग, रात्री अकराला पोहोचलो तर जेवण मिळेल काय; आणि बारा जणांची एकत्र सोय होईल काय. या चारही प्रश्नांना होय म्हणणारे घर हे घर राहत नाही, आणि नाही म्हणणारे घर तो सोडून देतो. मालकाने जोते वाढविले खरे, पण वाढवून मागितले ते पाहुण्याने. आणि वाढविल्यावर तोच पाहुणा, आता पूर्वीची मजा राहिली नाही, असे म्हणत पुढच्या गावी जुने घर शोधीत जातो. अलिबाग-मुरुड पट्ट्यात हे पूर्वीच घडून गेले आहे; देवबाग-तारकर्लीत घडत आहे; आणि याला जो अटकाव करू शकतो असे आपण समजतो तो कायदा किनाऱ्यावरच्या जोत्याची लांबी मोजू शकतो, मालक घरी जेवतो की कुडाळात, हे मोजावयास त्याच्याजवळ माणूस नाही.

तेव्हा ही गोष्ट सरकारवर सोडण्यासारखी नाही. पुष्कळशी ती उतरणाऱ्याच्या हातची आहे. मालवणास जाणाऱ्या वाचकांस म्हणून काही सूचना करतो. सरकारी यादीतून घर शोधावे आणि फोनवर पहिला प्रश्न हा करावा की आपण स्वतः तेथेच राहता ना. उत्तर नकारार्थी आले तर ते लॉज समजावे आणि लॉजइतकेच भाडे द्यावे. दिवस असताना पोहोचावे. न्याहारीला काय हवे ते आदल्या दिवशी दिवेलागणीपूर्वी सांगावे, कारण तांदूळ आणि काळे वाटाणे रात्रीच भिजत घालावे लागतात. मासळीचे मात्र काही सांगू नये. खोल्या थोड्या म्हणून दर घासाघीस करून पाडू नये, कारण त्याच दरात पुढच्या वर्षीची कौले परतावयाची असतात. आणि जावयाचे ते कार्तिक ते माघ या महिन्यांत, दशावताराच्या दिवसांत जावे. मे महिन्यात घर मागू नये. आमच्या काकींनी स्वच्छ सांगितले की, महामंडळाला कळविले आहे आणि वहीतही लिहून ठेवले आहे, त्या महिन्यात ती खोली कोणाला दिली जात नाही, ती मुंबईहून येणाऱ्या त्यांच्या धाकट्या मुलाची आहे.